मोठी कंपनी सोडताना: राजीनाम्याच्या आधीची आणि नंतरची कामे, नेमक्या क्रमाने

नाशिक परिसरातल्या सातपूर, अंबड, गोंदे किंवा सिन्नरच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात आठ-दहा वर्षे काढलेला माणूस नोकरी बदलतो तेव्हा त्याचे नुकसान सहसा चुकीच्या कंपनीमुळे होत नाही, चुकीच्या क्रमामुळे होते. तोंडी होकारावर पेपर टाकला जातो, ऑफर लेटर नंतर येते आणि त्यातले आकडे वेगळे निघतात. ग्रॅच्युइटीला दोन महिने उरलेले असताना शेवटचा दिवस ठरतो. पीएफच्या नावातली चूक दुरुस्त करायची आठवण गेट पास परत केल्यावर होते. राजीनामा हे या प्रक्रियेतले पाचवे काम आहे आणि त्याआधीच्या चार कामांना दोन ते तीन महिने द्यावे लागतात, हे गृहीत धरून पुढचे टप्पे लिहिले आहेत. ते प्रामुख्याने स्टाफ व अधिकारी वर्गासाठी आहेत. कायम कामगारांनी आपल्या कंपनीचे स्थायी आदेश आणि युनियनचा करार आधी पाहावा, कारण नोटीस व देणी यांबाबत तिथल्या तरतुदी वेगळ्या असू शकतात.

## टप्पा १: नेमके काय बदलायचे आहे ते लिहून काढणे

एका कागदावर नोकरी सोडण्याची कारणे लिहावीत आणि प्रत्येक कारणापुढे ते कंपनीमुळे आहे, विभागामुळे आहे की एका वरिष्ठामुळे आहे, हे नोंदवावे. मोठ्या कंपनीचा खरा फायदा असा की विभाग किंवा प्लांट बदलून यांतले काही प्रश्न सुटू शकतात. त्यामुळे कारणे एका माणसापाशी येऊन थांबत असतील, तर अंतर्गत बदलीची शक्यता आधी तपासावी. कारण तीन पाळ्यांचे असेल, वर्षानुवर्षे न हललेल्या पदाचे असेल, किंवा ज्या कामासाठी शिक्षण घेतले ते काम हाताला न लागण्याचे असेल, तर मात्र बाहेर पाहणे रास्त आहे.

याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला नव्या ठिकाणी कोणत्या गोष्टी असल्याच पाहिजेत, त्या तीनपेक्षा जास्त न होऊ देता लिहाव्यात. ‘चांगले वातावरण’ असे लिहून उपयोग नाही, कारण ते तपासता येत नाही. ‘रविवारी फोन येत नाही’, ‘रात्रपाळी नाही’, ‘डिझाइनचे काम प्रत्यक्ष माझ्याकडे’ या गोष्टी तपासता येतात आणि तिसऱ्या टप्प्यात त्या तपासायच्याच आहेत.

## टप्पा २: तारखा आणि कागद जमवणे

हा टप्पा कंटाळवाणा असल्याने बहुतेक जण तो गाळतात, आणि सर्वाधिक पैसे इथेच जातात.

ग्रॅच्युइटीची तारीख. कायम नोकरीत सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. हिशेब असा: शेवटचे वेतन (साधारणपणे मूळ वेतन व महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक सेवा झाली असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये असलेल्या व्यक्तीने ५ वर्षे ७ महिन्यांनी नोकरी सोडली, तर सहा वर्षांचे सुमारे १,३८,४६२ रुपये होतात. तीच व्यक्ती ४ वर्षे ६ महिन्यांनी बाहेर पडली तर हातात काहीच पडत नाही. चार वर्षे २४० दिवस झाले की पाच वर्षे पूर्ण मानावीत, असा अर्थ काही न्यायालयांनी लावला आहे. परंतु त्या आधारावर शेवटचा दिवस ठरवू नये, कारण कंपनीने नकार दिला तर वाद घालत बसावे लागते आणि तोवर नव्या नोकरीतले पहिले वर्ष निघून जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते. कायम कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची अट तशीच आहे.

व्हेरिएबल (पगाराचा कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) आणि बोनस. अनेक कंपन्यांच्या धोरणात असे वाक्य असते की रक्कम वाटली जाते त्या दिवशी कर्मचारी पटावर असला पाहिजे, आणि काही ठिकाणी तो नोटीस पिरियडमध्येही नसला पाहिजे. हे वाक्य शोधून वाचावे. मार्चअखेर काम संपवणारा माणूस एप्रिल ते जुलैदरम्यान मिळणारी वर्षभराची कमाई सोडून जातो, आणि हे त्याला सहकाऱ्यांच्या पेढ्यांवरून कळते.

पीएफमधील नाव आणि जन्मतारीख. यूएएन (पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक), आधार आणि पॅन या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच आहे का, हे पाहावे. मराठी नावांत ही अडचण फार येते. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. वडिलांच्या नावाला एका कागदावर ‘राव’ लागलेले, दुसऱ्यावर नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर तिन्ही कागद तीन प्रकारचे. अशा दुरुस्त्यांसाठी बऱ्याचदा कंपनीची संमती लागते आणि तुम्ही पटावर असताना ती मिळवणे सर्वांत सोपे असते. ई-नामनिर्देशनही (पीएफसाठी वारसाची ऑनलाइन नोंद) याच वेळी पूर्ण करावे.

कागदपत्रे. नियुक्तिपत्र, पगारवाढीची व बढतीची पत्रे, किमान शेवटच्या सहा महिन्यांच्या पगार स्लिपा, मिळालेले सर्व फॉर्म १६, वैद्यकीय विम्याचे कार्ड व पॉलिसीचा तपशील, प्रशिक्षणाचा बाँड असल्यास त्याची प्रत. राजीनामा मंजूर झाल्यावर पोर्टलचा प्रवेश कधी बंद होईल याचा नेम नसतो, म्हणून हे आधीच उतरवून ठेवावे.

इशारा: इथे म्हटलेले कागद म्हणजे तुमचे वैयक्तिक कागद. ड्रॉइंग, कॉस्टिंग शीट, ग्राहकांच्या याद्या, प्रोसेस शीट यांतले काहीही पेनड्राइव्हवर किंवा खासगी मेलवर घेऊ नये. मोठ्या कंपन्यांची यंत्रणा अशा हालचाली नोंदवते, आणि त्यातून उद्भवलेली चौकशी रिलीव्हिंग लेटर अडवण्यास पुरेशी ठरते.

गृहकर्ज घेण्याचा विचार असेल तर ते आधी मंजूर करून घेणे सोयीचे, कारण नव्या नोकरीत परिवीक्षा काळ चालू असताना बँका हात आखडता घेतात. मात्र नोकरी बदलणार असल्याची माहिती बँकेपासून दडवू नये, आणि नवा पगार कमी होणार असेल तर हप्ता नव्या पगारावर बेतावा.

## टप्पा ३: नव्या जागेची पारख

मुलाखतीत कंपनी तुम्हाला पारखते. तुम्ही कंपनीला पारखण्याची कामे त्या खोलीबाहेर असतात.

पहिले काम घरबसल्या होते. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. तिथे कंपनीचे नाव टाकले की कोणत्या महिन्याची पीएफ रक्कम कोणत्या तारखेला भरली आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरली, हे दिसते. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. वर्षभराच्या नोंदींत भरणा सतत लांबलेला दिसला, तर त्या कंपनीत पगारही उशिरा होत असण्याची शक्यता धरून चालावे. कर्मचाऱ्यांचा आकडा सहा महिन्यांत झपाट्याने खाली आलेला असेल तर त्याचे कारण मुलाखतीत स्पष्ट विचारावे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थिती, शेवटच्या वार्षिक सभेची तारीख आणि मालमत्तेवरील बोजा यांची प्राथमिक माहिती मिळते. एवढे पाहायला एक संध्याकाळ पुरते, तरी दहांतले नऊ जण ते पाहत नाहीत.

दुसरे काम गेटवरचे. शिफ्ट सुटण्याच्या वेळी त्या कंपनीबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास उभे राहावे. जनरल शिफ्ट साडेपाचला सुटते असे सांगितले असेल आणि स्टाफची वाहने साडेसातपर्यंत आतच असतील, तर रोजचे तास कळले. टपरीवाल्याला उधारीची वही कोणत्या तारखेला मिटते हे माहीत असते, आणि त्यावरून पगाराची तारीख समजते. ही हेरगिरी नव्हे. ज्या ठिकाणी दिवसाचे दहा तास घालवायचे, ते ठिकाण मुलाखतीच्या वेळेबाहेर कसे दिसते हे पाहणे आहे.

तिसरे काम माणसांचे. सध्या तिथे काम करणाऱ्या एकाशी आणि गेल्या दोन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या एकाशी बोलावे. ‘कंपनी कशी आहे?’ असे विचारले की ‘चांगली आहे’ एवढेच उत्तर येते. ‘तुमच्या आधी या पदावर कोण होते आणि ते का गेले?’, ‘दिवाळीत सलग किती दिवस सुट्टी घेतलीत?’, ‘चूक झाली की साहेब कुठे बोलतात, केबिनमध्ये की सगळ्यांसमोर?’ असे प्रश्न विचारले की माहिती मिळते. मालक स्वतः कारखान्यात येत असलेल्या मध्यम कंपनीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे असते, कारण तिथे मालकाचा स्वभाव हेच धोरण असते आणि तक्रार करायला दुसरे दार नसते.

चौथे काम प्रवासाचे. सिडको किंवा इंदिरानगरहून अंबडला जाणे आणि सिन्नरला जाणे यांत दिवसाकाठी साठेक किलोमीटरचा फरक पडू शकतो. मोठ्या कंपनीची बस द्वारका किंवा पाथर्डी फाट्यावरून घेऊन जाते, म्हणून हा खर्च आजवर दिसलेला नसतो. नव्या ठिकाणी बस नसेल तर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, एकदा स्वतःच्या वाहनाने जाऊन यावे. सिंहस्थाच्या निमित्ताने निघालेली रस्त्यांची कामे लक्षात घेता, रविवारी सकाळी मोजलेल्या वेळेवर विसंबू नये.

तपासणी: पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या तीन गोष्टींपुढे आता ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘माहीत नाही’ असे लिहावे. एकीपुढेही ‘माहीत नाही’ असेल तर चौथ्या टप्प्याला हात घालू नये.

नाशिकपुरती एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. इथल्या अनेक मध्यम कंपन्या मोठ्या कंपन्यांना माल पुरवतात, आणि ग्राहक कंपनीचा माणूस थेट घेतल्यास संबंध बिघडतील या भीतीने पुरवठादार ऐन वेळी कच खातो किंवा ‘तुमच्या कंपनीची हरकत नाही असे पत्र आणा’ म्हणतो. नवी कंपनी तुमच्या सध्याच्या कंपनीची पुरवठादार असेल तर हा प्रश्न पहिल्याच बैठकीत काढावा. आणि बोलणी चालू असल्याचे कोणालाही सांगू नये. सातपूरची बातमी अंबडला पोहोचायला एक चहा पुरतो.

## टप्पा ४: ऑफर लेटर ओळीओळीने वाचणे

तोंडी आकडा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आकडा आणि ‘एचआर पाठवतीलच’ हे आश्वासन या तिन्हींची किंमत सारखीच, म्हणजे शून्य. सही-शिक्क्याचे किंवा कंपनीच्या अधिकृत मेलवरून आलेले पत्र हातात आल्यावरच तुलना सुरू करावी.

तुलना सीटीसीची (कंपनी तुमच्यावर वर्षभरात करत असलेल्या एकूण खर्चाची) करू नये. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफ हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद (मूळ वेतनाच्या सुमारे ४.८१ टक्के), विम्याचा हप्ता आणि व्हेरिएबल हे सगळे मिसळलेले असते. पाच वर्षे राहिलो नाही तर त्यातली ग्रॅच्युइटी मिळतच नाही आणि व्हेरिएबल मिळेलच असे नाही. म्हणून तीन आकडे वेगळे काढावेत: दरमहा हातात येणारी रक्कम, दरमहा पीएफमध्ये जमा होणारी एकूण रक्कम, आणि कंपनी सध्या देत असलेल्या पण नवी कंपनी न देणाऱ्या सोयींचा खर्च.

पीएफचा आकडा फसवा असतो. मूळ वेतन ५०,००० रुपये असेल आणि सध्याची कंपनी पूर्ण वेतनावर १२ टक्के भरत असेल, तर तिचा हिस्सा ६,००० रुपये होतो. नवी कंपनी १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच भरत असेल तर तोच हिस्सा १,८०० रुपये होतो. महिन्याला ४,२०० रुपयांचा हा फरक पगार स्लिपवर हातात येणाऱ्या रकमेत उलटा दिसतो, कारण तुमचीही कपात घटल्याने हातात जास्त येते आणि पगार वाढल्याचा भास होतो. कँटीन, बस, कुटुंबाचा वैद्यकीय विमा आणि आई-वडिलांचा विमा यांचाही असाच हिशेब मांडावा. आई-वडील विम्यात आहेत की नाहीत, हा प्रश्न तर लेखीच विचारावा.

यानंतर अटी. नव्या ठिकाणचा परिवीक्षा काळ व त्या काळातील नोटीस, कायम झाल्यानंतरची नोटीस, कामाचे ठिकाण (‘कंपनीच्या कोणत्याही शाखेत’ असे असेल तर चाकण किंवा त्याहून दूरही जावे लागू शकते), साप्ताहिक सुट्टी, जॉइनिंग बोनस असेल तर तो किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागेल. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही’ अशी अट सर्रास घातलेली असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते, आणि प्रशिक्षणाच्या खर्चाचा वाजवी बाँड न्यायालये मान्य करू शकतात. तेव्हा ‘बाँडला काही अर्थ नसतो’ या कँटीनमधल्या सल्ल्यावर सही करू नये.

तपासणी: जॉइनिंगची तारीख तुमच्या पूर्ण नोटीस पिरियडनंतरची आहे का? नव्वद दिवसांची नोटीस असताना पंचेचाळीस दिवसांची तारीख मान्य केली असेल, तर उरलेल्या दिवसांची भरपाई कोण देणार हे त्याच पत्रात लिहून घ्यावे.

## टप्पा ५: राजीनामा

राजीनाम्याच्या आदल्या दिवशी एक प्रश्न स्वतःशी मिटवून टाकावा: कंपनीने पगार वाढवून थांबण्यास सांगितले तर काय करायचे? माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या टप्प्यातील कारणे पैशाची नसतील तर पैशाने ती मिटत नाहीत, आणि एकदा पेपर टाकलेल्या माणसाचे नाव पुढच्या बढतीच्या यादीत मागे जाते. तरीही कोणाला थांबायचेच असेल, तर बदललेले पद आणि पगार लेखी मिळाल्याशिवाय राजीनामा मागे घेऊ नये आणि नव्या कंपनीला नकार कळवू नये.

क्रम असा ठेवावा. प्रथम थेट वरिष्ठांना समक्ष भेटून सांगावे. त्याच दिवशी मेल करावा. पोर्टलवर नोंद असेल तर ती मेलनंतर करावी. पोर्टलवरून आधी एचआरला कळले आणि साहेबांना त्यांच्याकडून समजले, तर पुढचे तीन महिने त्याची भरपाई करण्यात जातात. समक्ष बोलताना कारणांची यादी वाचू नये. ‘सर, मी दुसरीकडे संधी स्वीकारली आहे, काम नीट सोपवूनच जाणार आहे,’ एवढे पुरेसे असते. कंपनीचे नाव सांगण्याचे बंधन नाही.

पत्र छोटे असावे. मजकूर साधारण असा ठेवता येईल. कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहाराची पद्धत असेल तर हाच आशय इंग्रजीत लिहावा:

> महोदय,
> मी आपल्या कंपनीत … या पदावर (कर्मचारी क्रमांक …) कार्यरत असून या पत्राद्वारे पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील अटीनुसार माझा नोटीस कालावधी आजपासून … दिवसांचा असून कामाचा शेवटचा दिवस … हा असेल. या काळात माझ्याकडील कामे आपण नेमाल त्या सहकाऱ्याकडे सोपवण्याची माझी तयारी आहे. राजीनामा स्वीकारल्याचे व शेवटचा दिवस निश्चित केल्याचे लेखी कळवावे, ही विनंती.

यात गाऱ्हाणी लिहू नयेत आणि ‘शक्य तितक्या लवकर मुक्त करावे’ असे संदिग्ध वाक्यही नको. शेवटच्या दिवसाची तारीख लिहिलीच पाहिजे. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे किंवा व्हेरिएबलची तारीख त्या दिवसाच्या आत येते का, हे पाठवण्यापूर्वी पुन्हा पाहावे.

इशारा: रागाच्या भरात तोंडी ‘मी सोडतो’ म्हणून दुसऱ्या दिवसापासून न जाणे म्हणजे राजीनामा नव्हे. कंपनी त्याची नोंद गैरहजेरी म्हणून करू शकते आणि पुढच्या प्रत्येक पडताळणीत ती नोंद आडवी येते.

## टप्पा ६: नोटीस पिरियड

स्वीकृतीचा मेल आठवड्याभरात आला नाही तर नम्रपणे स्मरणपत्र पाठवावे. तारीख लेखी निश्चित झाली की नव्या कंपनीला कळवावी, त्याआधी नाही.

नोटीस कमी करून घ्यायची असेल तर भरपाई कशावर मोजतात हे नियुक्तिपत्रात पाहावे. मूळ वेतनावर मोजणे आणि एकूण पगारावर मोजणे यांत दुपटीचा फरक पडू शकतो. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करता येते का, हेही तिथेच कळते. बऱ्याच ठिकाणी नोटीस काळात घेतलेली रजा शेवटचा दिवस तेवढीच पुढे ढकलते, म्हणून घरचे लग्नकार्य असेल तर ते आधीच सांगून तारीख ठरवावी.

काम सोपवताना एक तक्ता करावा: काम, सद्यःस्थिती, फाइल कुठे आहे, पुरवठादार किंवा ग्राहकाकडील संपर्क, प्रलंबित बाबी. ज्याच्याकडे काम सोपवले त्याची आणि वरिष्ठांची त्यावर तारखेसह सही घ्यावी. एखादे मोजमाप यंत्र, गेज किंवा लॅपटॉप तुमच्या नावावर असेल तर तो शेवटच्या दिवसाची वाट न पाहता परत करून पावती ठेवावी.

मोठ्या कंपनीत हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे कर्मचाऱ्यांची सहकारी पतसंस्था. तुमचे कर्ज फिटलेले असते, परंतु चार वर्षांपूर्वी एखाद्या सहकाऱ्याला दिलेला जामीन अजून चालू असतो, आणि दुसरा जामीनदार दिल्याखेरीज संस्था ना-देणे दाखला देत नाही. दुसरा जामीनदार शोधायला वेळ लागतो, कारण तो पतसंस्थेचा सभासद असावा लागतो. हे काम नोटीसच्या पहिल्या आठवड्यात काढावे. भागभांडवल व ठेवीची रक्कम परत मिळण्याचा अर्जही तेव्हाच द्यावा.

वैद्यकीय विम्याचेही काम याच काळातले. कंपनीच्या गट विम्याचे संरक्षण बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी संपते. गट पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे आणि तसे केल्यास आधीच्या संरक्षणाचा काळ प्रतीक्षा कालावधीत धरला जातो. नव्याने पॉलिसी घेतली तर अपघात वगळता पहिले तीस दिवस आणि आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल तीन वर्षे प्रतीक्षा असू शकते. घरात मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचे रुग्ण असतील, किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर दोन नोकऱ्यांमधला आठवडाही विम्याविना काढू नये. विमा कंपनीला शेवटच्या दिवसाच्या किमान महिनाभर आधी लेखी विचारावे.

## टप्पा ७: शेवटचा आठवडा आणि हिशेब

स्टोअर, आयटी, कँटीन, टाइम ऑफिस, अकाउंट्स, पतसंस्था यांच्या सह्यांचा ना-देणे तक्ता स्वतः फिरून पूर्ण करावा. एचआर करेल या भरवशावर राहिलेले तक्ते महिनोन्‌महिने एखाद्या टेबलावर पडून राहतात.

फुल अँड फायनलचे विवरणपत्र मागून घ्यावे आणि त्यात शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, बोनसचा हिस्सा, प्रवासखर्चाची थकबाकी आणि कपाती या प्रत्येकाची ओळ वेगळी आहे का, ते पाहावे. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतरचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असते, आणि ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत. पूर्वीच्या सवयीने अजून ‘पंचेचाळीस दिवस लागतात’ असे सांगितले जाते. तेव्हा नियमाचा उल्लेख करून लेखी विचारणा करावी, आवाज चढवू नये. खासगी कर्मचाऱ्याला नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या रोख रकमेवर आयुष्यभरात मिळून २५ लाख रुपयांपर्यंत करसवलत मिळू शकते, म्हणून त्या रकमेवर सरसकट कर कापलेला दिसला तर हिशेबनिसांना कारण विचारावे.

रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचे पत्र हातात येताच नाव, पद, रुजू झाल्याची व मुक्त झाल्याची तारीख तपासावी. तारखेतली एका अंकाची चूकही नव्या कंपनीच्या पडताळणीत प्रश्न उभा करते.

## टप्पा ८: नव्या ठिकाणचे पहिले दोन-तीन महिने

रुजू होताना जुनाच यूएएन द्यावा. ‘नवीन काढून टाकू’ असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा, कारण दोन यूएएन झाले की ते एकत्र करण्यात फार वेळ जातो. जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि नव्या नोकरीचा पहिला दिवस एकमेकांवर चढलेले नसावेत.

जुन्या कंपनीतील पगार व कापलेला कर यांचा तपशील नव्या कंपनीच्या अकाउंट्सला लेखी द्यावा. तो न दिल्यास काय होते, ते आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या दरांवर पाहू. वार्षिक १६ लाख रुपये पगार असलेली व्यक्ती सहा महिन्यांनी तेवढ्याच पगारावर दुसरीकडे गेली, तर नवी कंपनी तिच्याकडचे ८ लाखच धरते आणि काहीच कर कापत नाही. प्रत्यक्षात पूर्ण वर्षाचा कर, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून, उपकरासह सुमारे १,१३,१०० रुपये होतो. जुन्या कंपनीने त्यातला निम्मा कापलेला असला तरी उरलेले छप्पन हजार विवरणपत्र भरताना व्याजासह एकदम भरावे लागतात.

पीएफ काढू नये, वर्ग करावा. एकूण सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असताना ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम काढली तर पॅन दिलेला असूनही १० टक्के कर कापला जातो. शिवाय निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा मोजताना जुनी वर्षे हवी असतात, आणि पेन्शनचा हिस्सा काढून घेतला की ती वर्षे मोजणीतून जातात. आधारशी जोडलेल्या यूएएनच्या बाबतीत वर्ग करण्याचे काम बहुधा ऑनलाइन, जुन्या कंपनीच्या मंजुरीविना होते. त्यासाठी पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली हवी. कंपनीने ती नोंदवली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सदस्य स्वतः नोंदवू शकतो.

मोठ्या कंपन्यांपैकी अनेकांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टमध्ये असतो, आणि तिथून रक्कम यायला जास्त वेळ लागतो. तुमची कंपनी तशी असेल तर ट्रस्टकडून रकमेबरोबर ‘अ‍ॅनेक्शर के’ (वर्ग केलेल्या रकमेचा व सेवेचा तपशील) पाठवले गेले का, याची विचारणा करावी आणि त्याची प्रत मागून ठेवावी, कारण सेवेची वर्षे त्यातच नोंदलेली असतात. दोन महिन्यांत रक्कम पासबुकात दिसली नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर नोंद करावी आणि तिचा क्रमांक घेऊन सातपूर येथील भविष्य निर्वाह निधी कार्यालयात जावे. ग्रॅच्युइटी किंवा पगार अडला असेल तर तो विषय या कार्यालयाचा नाही. त्यासाठी आधी कंपनीला दिलेल्या लेखी विचारणेची पोच जोडून कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज करावा लागतो.